संगणकाच्या पडद्यावर मानवी देह

घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या रक्ततपासणीचा अहवाल हाती पडतो. 'क्रिएटिनिन' या शब्दापुढचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टरांना वेळ नसतो. 'मूत्रपिंडावर थोडा ताण आहे, मीठ कमी करा' एवढे ऐकून मंडळी घरी परततात. ताण म्हणजे काय, मिठाचा मूत्रपिंडाशी संबंध काय, रक्तदाबाची गोळी मूत्रपिंडासाठी कशी, हे प्रश्न मात्र मनातच राहतात. शाळेत दहावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या सुशिक्षित माणसालाही स्वतःच्या देहाविषयी फारसे ठाऊक नसते, याची जाणीव अशा वेळी प्रकर्षाने होते.

हे अज्ञान दूर करण्याचा एक मार्ग आता घरातच उपलब्ध आहे. मानवी जीवशास्त्राचे महाविद्यालयीन दर्जाचे अभ्यासक्रम महाजालावर शिकता येतात. त्यांतील कित्येक विनाशुल्क आहेत. तथापि ज्ञानासाठी शिकणे, पदवीतील श्रेयांकांसाठी शिकणे आणि नोकरीच्या पात्रतेसाठी शिकणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांत गल्लत झाली तर पैसा आणि त्याहून मोलाचे असे एखादे वर्ष वाया जाऊ शकते. म्हणूनच या शिक्षणाचे स्वरूप, त्याची मान्यता आणि त्याच्या मर्यादा नीट समजून घेणे आवश्यक आहे.

अभ्यासक्रमात असते काय?

मानवी जीवशास्त्र या व्यापक नावाखाली प्रामुख्याने दोन शास्त्रे येतात. शरीररचनाशास्त्र अवयव कोठे आहे व कसा आहे हे सांगते. शरीरक्रियाशास्त्र तो काम कसे करतो हे सांगते. बहुतेक अभ्यासक्रमांचा आरंभ पेशी, ऊती आणि शरीराची अंतर्गत समस्थिती या विषयांनी होतो. त्यानंतर चेतासंस्था, स्नायू, रक्ताभिसरण, श्वसन, उत्सर्जन, पचन, अंतःस्रावी ग्रंथी, प्रजनन आणि प्रतिकारशक्ती असा प्रवास होतो. क्रम थोडाफार बदलतो, पण समस्थितीची कल्पना सर्वत्र पायाभूत मानली जाते. बाहेर उन्हाळा असो वा हिवाळा, शरीराचे तापमान, रक्तातील साखर, क्षार आणि आम्लता ठरावीक मर्यादेत राखण्यासाठी सर्व अवयव एकमेकांशी जुळवून घेत असतात. ही एक कल्पना पक्की झाली की पुढचे धडे सुटे राहत नाहीत.

आरंभी उल्लेख केलेल्या मूत्रपिंडाचेच उदाहरण घेऊ. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतांश पुन्हा रक्तात परत घेतात. मूत्र म्हणून बाहेर पडते ते साधारण दीड लिटर. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या कामातून निर्माण होणारा टाकाऊ पदार्थ. गाळण्याचे काम मंदावले की तो रक्तात साचू लागतो. म्हणून त्याचा आकडा हा मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेचा एक निदर्शक ठरतो.

पुढचा दुवा रक्तदाबाचा. रक्तदाब घटल्याचे जाणवताच मूत्रपिंडे 'रेनिन' हे विकर रक्तात सोडतात. त्यातून घडणाऱ्या साखळीत 'अँजिओटेन्सिन' तयार होते. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि अधिवृक्क ग्रंथीला 'अल्डोस्टेरॉन' स्रवण्यास भाग पाडते. परिणामी शरीर मीठ व पाणी धरून ठेवते आणि दाब वाढतो. एनालाप्रिल, रामिप्रिल अशी 'प्रिल'ने संपणाऱ्या नावांची औषधे याच साखळीतील एक कडी अडवतात. मूत्रपिंड, हृदय, रक्तवाहिन्या आणि ग्रंथी हे चार वेगळे धडे येथे एकत्र येतात. चांगल्या अभ्यासक्रमाची हीच ओळख आहे. तो नावे पाठ करून घेण्यावर थांबत नाही, कारणांची साखळी उलगडून दाखवतो.

कोठे शिकता येते?

भारतात या शिक्षणाचा पाया आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या 'एनपीटीईएल' या उपक्रमाने घातला. आरंभी व्याख्यानांच्या चित्रफिती एवढेच त्याचे स्वरूप होते. २०१४ पासून त्यांना परीक्षा व प्रमाणपत्रांची जोड मिळाली. केंद्र सरकारचा 'स्वयम्' हा मंच ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाला. नववीपासून पदव्युत्तर स्तरापर्यंतचे अभ्यासक्रम तेथे एकत्र आणण्यात आले. चित्रफिती, वाचनसाहित्य, स्वयंचाचण्या आणि शंकांची चर्चा अशी या शिक्षणाची चार अंगे आहेत. शरीरक्रियाशास्त्रापुरते बोलायचे तर आयआयटी कानपूरने तयार केलेला 'अ‍ॅनिमल फिजिऑलॉजी' हा अभ्यासक्रम एनपीटीईएलच्या संग्रहात आहे. प्रत्येक सत्रात कोणते अभ्यासक्रम चालू असतात याची यादी बदलते. ती प्रवेशापूर्वी पाहावी.

परदेशी विद्यापीठांपैकी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचा मानवी शरीरक्रियाशास्त्राचा प्रास्ताविक अभ्यासक्रम 'कोर्सेरा'वर बराच लोकप्रिय ठरला आहे. मिशिगन विद्यापीठाने शरीररचनाशास्त्राची मालिका त्याच मंचावर आणली. पाठ्यपुस्तकाचाही खर्च करावा लागत नाही. राइस विद्यापीठाच्या 'ओपनस्टॅक्स' प्रकल्पाने २०१३ मध्ये 'अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजी' हे मोठे, सचित्र पुस्तक सर्वांसाठी विनामूल्य खुले केले आणि २०२२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती काढली.

पडद्यावर शरीर दाखवण्याची कल्पना जुनीच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने 'व्हिजिबल ह्यूमन' प्रकल्पात देहदान केलेल्या पुरुषाच्या शरीराचे एक-एक मिलिमीटर अंतरावर १८७१ छेद घेऊन त्यांची छायाचित्रे १९९४ मध्ये उपलब्ध करून दिली. पाठोपाठ १९९५ मध्ये स्त्रीदेहाचे, त्याहून बारीक, पाच हजारांवर छेद आले. पुढच्या काळातील अनेक त्रिमितीय प्रतिकृतींना या संग्रहाचा आधार मिळाला.

परीक्षा आणि श्रेयांक

विनाशुल्क शिकणे आणि प्रमाणपत्र मिळवणे यांत फरक आहे. एनपीटीईएलमध्ये नावनोंदणी आणि शिक्षण मोफत असते, परीक्षेसाठी मात्र शुल्क भरून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ही परीक्षा नेमलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यावी लागते. अंतिम गुणांत साप्ताहिक गृहपाठाचा वाटा २५ आणि परीक्षेचा ७५ असतो. गृहपाठात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण मिळाले तरच प्रमाणपत्र मिळते. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ गृहपाठ धरले जातात. म्हणजे एखादा आठवडा आजारपणात किंवा शेतीच्या हंगामात गेला तरी सर्व संपले असे होत नाही. याउलट केवळ परीक्षेच्या आदल्या रात्री जागून काम भागेल, असेही नाही.

पदवीचे शिक्षण घेणाऱ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम महत्त्वाचे आहेत. २०१६ च्या नियमावलीने एखाद्या सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून पूर्ण करण्यास मुभा दिली होती. २०२१ च्या नियमावलीने ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढवली. त्याच वर्षी 'अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' ही श्रेयांकांची पेढी सुरू झाली. तथापि नियमात मुभा आहे म्हणून आपल्या महाविद्यालयात तो विशिष्ट अभ्यासक्रम ग्राह्य धरला जाईलच, असे गृहीत धरू नये. त्या सत्रासाठी कोणते अभ्यासक्रम मान्य आहेत हे विद्यापीठ ठरवते. नावनोंदणीपूर्वी महाविद्यालयातील समन्वयकाकडून लेखी खात्री करून घेणे श्रेयस्कर. परीक्षा झाल्यानंतर 'हा विषय आमच्या यादीत नाही' हे ऐकण्याची वेळ कोणत्याही विद्यार्थ्यावर येऊ नये.

सावधगिरी कोठे हवी?

खरा धोका आहे तो अभ्यासक्रम आणि पदवी यांतील गल्लतीचा. शरीरक्रियाशास्त्राचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम महाजालावर करणे ही एक गोष्ट झाली. परिचर्या, भौतिकोपचार किंवा औषधनिर्माणशास्त्र यांची पदवी महाजालावर मिळवणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट. आयोगाच्या २०२० च्या नियमावलीनुसार वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार, व्यवसायोपचार, औषधनिर्माण आणि निमवैद्यकीय शाखांतील पदव्या मुक्त, दूरशिक्षण अथवा ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई आहे.

२०२५ मध्ये आयोगाने या मनाईची व्याप्ती वाढवली. संलग्न आरोग्यसेवांविषयीच्या २०२१ च्या कायद्याच्या कक्षेत येणारे अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मुक्त, दूरशिक्षण व ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मज्जाव करण्यात आला. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषणविज्ञान, जैवतंत्रज्ञान आणि आहारशास्त्र या विषयांचाही त्यात समावेश आहे. आहारतज्ज्ञ किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञ होण्याची उमेद बाळगून घरबसल्या पदवीच्या जाहिरातीस भुलणाऱ्या युवक-युवतींनी हे ध्यानात ठेवले पाहिजे. जाहिरातीतील 'सरकारमान्य' हा शब्द पुरेसा नाही. मान्यता कोणाची, कोणत्या अभ्यासक्रमास आणि कोणत्या वर्षासाठी, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर आयोगाच्या संकेतस्थळावरील यादीशी ताडून पाहावे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतही हा विषय निघतो. तेथे परिचर्येच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेण्यापूर्वी शरीररचना व शरीरक्रिया या विषयांची दोन सत्रे पूर्ण करावी लागतात. पतीच्या नोकरीनिमित्त गेलेल्या आणि नव्याने शिक्षण सुरू करू पाहणाऱ्या स्त्रियांना स्थानिक सामुदायिक महाविद्यालयाचा ऑनलाइन वर्ग सोयीचा वाटतो. काही महाविद्यालये प्रयोगासाठी जतन केलेले मेंढीचे हृदय, छेदनाची हत्यारे आणि काचपट्ट्या असा संच घरपोच पाठवतात. परंतु परिचर्या महाविद्यालयांचे नियम सारखे नाहीत. काही ठिकाणी घरी केलेले प्रयोग ग्राह्य धरले जात नाहीत, तर काही ठिकाणी ठरावीक वर्षांपूर्वीचे श्रेयांक बाद ठरतात. जेथे प्रवेश घ्यायचा आहे तेथील अट आधी वाचावी आणि मगच वर्ग निवडावा.

हाताने शिकण्याचे काय?

महाजालावरील शिक्षणाची सर्वांत मोठी उणीव प्रयोगशाळेत जाणवते. पडद्यावरील हृदय स्वच्छ, रंगीत आणि आटोपशीर असते. प्रत्यक्ष हृदय चरबीने वेढलेले, चिवट आणि पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा निराळे असते. कोणत्याही दोन माणसांच्या रक्तवाहिन्यांची मांडणी तंतोतंत सारखी नसते. हा धडा विच्छेदनाच्या टेबलाशीच मिळतो. कोलकात्यात मधुसूदन गुप्ता यांनी १८३६ मध्ये सामाजिक रोष पत्करून शवविच्छेदन केले, मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उभे राहिले, तेव्हापासून वैद्यकाच्या विद्यार्थ्यास या अनुभवाला पर्याय मिळालेला नाही. सामान्य जिज्ञासूची गरज मात्र वेगळी आहे. प्राणिशास्त्राच्या वर्गांतही प्राणिविच्छेदन कमी करून पर्यायी साधनांकडे वळण्यास आयोगाने २०११ मध्येच सांगितले होते.

शिवाय घरी काहीच करता येत नाही, असे नाही. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्याने दिलेला एक पुरावा कोणालाही स्वतःच्या हातावर पाहता येतो. हात काही वेळ खाली लोंबता ठेवला की पुढच्या हातावरील शिरा फुगतात. त्यांपैकी एखाद्या शिरेवर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून ठेवावे आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे सारावे. दुसरे बोट उचलले तरी मधला भाग रिकामाच राहतो, कारण शिरेतील झडप रक्ताला मागे येऊ देत नाही. मनगटाजवळचे बोट उचलताच शीर खालून भरते. रक्त शिरांतून हृदयाकडेच वाहते, हे यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

नाडीचा प्रयोग त्याहून सोपा. शांत बसून मिनिटभर ठोके मोजावेत, प्रकृतीस झेपत असेल तर एक-दोन मजले चढून पुन्हा मोजावेत, आणि किती मिनिटांत नाडी पूर्ववत होते याची आठवडाभर नोंद ठेवावी. मिनिटाला ७० ठोके आणि प्रत्येक ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर रक्त असा हिशेब मांडला की हृदय दर मिनिटास जवळपास पाच लिटर रक्त पुढे ढकलते, हे ध्यानात येते. प्रौढ माणसाच्या अंगात एकूण रक्तही साधारण तेवढेच असते! मांसाहारी घरांत मटणाच्या दुकानातून बकऱ्याचे हृदय आणून ते चिरून पाहता येईल. माणसाप्रमाणेच त्यालाही चार कप्पे असतात. डाव्या निलयाची भिंत उजवीपेक्षा किती जाड आहे हे एकदा बोटांनी चाचपले की 'डावी बाजू सर्व शरीरास रक्त पुरवते' हे वाक्य पाठ करावे लागत नाही.

शिकायचे कसे?

सुरुवात करणारे पुष्कळ, शेवट गाठणारे थोडे, हे या शिक्षणाचे जगभरचे दुखणे आहे. 'सायन्स' या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या 'एडएक्स'वरील अभ्यासक्रमांची सहा वर्षांची आकडेवारी तपासण्यात आली. २०१७-१८ मध्ये सहभागी झालेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. शुल्क भरून प्रमाणपत्रासाठी नोंदणी करणाऱ्यांत मात्र हे प्रमाण ४६ टक्के होते. पदरचे पैसे गुंतले की मनही गुंतते, असा अर्थ त्यातून काढता येईल. किंवा ज्यांचा निर्धार आधीच पक्का होता त्यांनीच पैसे भरले, असाही. कसेही असो, परीक्षेची तारीख समोर असणे हितावह दिसते.

दुसरी गोष्ट अभ्यासाच्या रीतीची. चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिल्याने विषय समजल्याचा भास होतो. रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक उरले. शरीरशास्त्रासारख्या नावांनी गच्च भरलेल्या विषयात हा धडा विशेष उपयोगी पडतो. व्याख्यान संपले की वही मिटावी, कोऱ्या कागदावर नेफ्रॉनची आकृती काढावी, भागांना नावे द्यावीत आणि मगच पुस्तकाशी ताडून पाहावे. जेथे हात अडतो, तेथेच अभ्यासाची गरज असते. रोज पाऊण तास असा नेम ठेवणे रविवारी सलग पाच तास बसण्यापेक्षा केव्हाही बरे.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना भाषेची धास्ती वाटते. बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत, हे खरे. एनपीटीईएलने काही अभ्यासक्रमांच्या व्याख्यानांचे लेखी रूप मराठीसह भारतीय भाषांत आणले आहे. मराठी विश्वकोशातील शरीरविषयक नोंदी महाजालावर विनामूल्य वाचता येतात. व्याख्यानापूर्वी त्या अवयवावरील मराठी नोंद वाचली की अर्धी वाट सोपी होते. उरली परिभाषा. तिचे कुलूप ग्रीक व लॅटिन शब्दांच्या मोजक्या किल्ल्यांनी उघडते. 'हायपो' म्हणजे कमी, 'हायपर' म्हणजे जास्त, 'ग्लायको' म्हणजे गोड, 'एमिया' म्हणजे रक्तातील स्थिती. 'हायपोग्लायसेमिया' या भयंकर वाटणाऱ्या शब्दाची फोड केली की त्यातून 'रक्तात साखर कमी' एवढाच साधा अर्थ निघतो. 'नेफ्रो' म्हणजे मूत्रपिंड आणि 'आयटिस' म्हणजे दाह. मग 'नेफ्रायटिस' कोणी समजावून सांगावा लागत नाही. संधी-समास सोडवलेल्या मराठी विद्यार्थ्यास ही फोड अवघड जाऊ नये.

ज्ञानाचा विनय

एक पथ्य अखेरीस सांगितले पाहिजे. बारा आठवड्यांचे शिक्षण माणसाला डॉक्टर करत नाही. थोडे कळू लागले की स्वतःच्या मनाने औषधांचे प्रमाण बदलण्याचा, शेजाऱ्यांचे निदान करण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. क्रिएटिनिनचा आकडा वय, स्नायूंचे प्रमाण, आहार आणि औषधे यांनुसार बदलतो. त्याचा अर्थ रुग्णास तपासणाऱ्यानेच लावायचा असतो.

मग या खटाटोपाचा लाभ काय? आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी सातासमुद्रापार पेनसिल्व्हेनियात गेल्या आणि १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. त्या काळी स्वतःच्या देहाचे शास्त्र समजून घेण्याची किंमत एवढी मोठी होती. डॉक्टर होण्यासाठी आजही प्रत्यक्ष महाविद्यालयाची पायरी चढावीच लागते. परंतु सुजाण रुग्ण, जबाबदार मुलगा अथवा मुलगी, सावध पालक होण्यासाठी लागणारे ज्ञान आता स्वयंपाक आवरल्यावरच्या पाऊण तासात मिळू शकते. पुढच्या खेपेस तोच अहवाल हाती आला की दवाखान्यातील दोन मिनिटे 'हे काय आहे?' असे विचारण्यात जाणार नाहीत. 'मागच्या तीन महिन्यांत आकडा वाढला आहे. ही वेदनाशामक गोळी चालू ठेवावी का?' असा नेमका प्रश्न त्या दोन मिनिटांत विचारता येईल. वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापराने मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. त्यामुळे योग्य वेळी विचारलेला हा एक प्रश्नही घरातल्या माणसाच्या प्रकृतीच्या दृष्टीने मोलाचा ठरू शकतो.